माळ्यावरचे यंत्र

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात एक अदृश्य रेघ ओढली जाते. रेघेच्या अलीकडे ठेवायच्या वस्तू आणि पलीकडे टाकायच्या वस्तू. ही रेघ ओढण्याचा अधिकार अर्थातच सौभाग्यवतींचा. मी स्वतः अजून रेघेच्या अलीकडे आहे, याबद्दल मी दर वर्षी लक्ष्मीपूजनाला मनोमन आभार मानतो.

यंदा ही रेघ थेट माळ्यापर्यंत गेली. माळ्यावर दोन तपेली, एक मोडका पाळणा आणि जुन्या लुगड्याच्या खोळीत झाकलेला आमचा पहिला संगणक होता. पंचवीस वर्षे त्या खोळीला कुणी हात लावला नव्हता.

"अहो, भंगारवाला खाली उभा आहे. वजनावर घेतो म्हणतोय," सौभाग्यवती म्हणाल्या.

वाचकहो, जालन्यात भंगार हा शब्द अपमानाचा नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगारच खातात आणि त्याच्या सळया करून घरे बांधायला धाडतात. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी. आता पाळण्यात पोलाद झोपते, एवढाच फरक. तेव्हा संगणकाचा पत्रा भट्टीत जाऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये बसणार, यात वाईट वाटण्यासारखे खरे तर काही नव्हते. पण मी शिडीवर चढलो, खोळ बाजूला केली, आणि माझा पाय खालच्या पायरीवर येईना.

हे यंत्र आमच्या घरी १९९२ साली आले. मी एका पतसंस्थेत कारकून होतो आणि जोडधंदा म्हणून पुढच्या खोलीत टंकलेखनाची कामे घ्यावीत, असे माझ्या डोक्यात शिरले होते. यंत्राची किंमत माझ्या जवळजवळ दोन वर्षांच्या पगाराइतकी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिक्षकीच्या निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतला मोठा हिस्सा काढून दिला. औरंगाबादहून (आताच्या छत्रपती संभाजीनगरहून) साठ किलोमीटर जीपमधून ते आणले. तो सबंध प्रवास अण्णांनी मॉनिटर मांडीवर घेऊन केला. वाटेत बदनापूरला चहा प्यायला आम्ही उतरलो, ते उतरले नाहीत. लेकीला सासरहून आणताना बाप जसा बसतो, तसे ते बसले होते.

घरी आल्यावर आईने यंत्राला ओवाळले, नारळ फोडला आणि काचेवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. ते स्वस्तिक पुसायची माझी छाती झाली नाही. पहिले आठ दिवस मी त्याच्या आडून अक्षरे वाचली. खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. धुळीने यंत्र बिघडते, असे विक्रेत्याने सांगितले होते. शेजारचे एक काका रोज संध्याकाळी हात मागे बांधून येत आणि "याला विचारा बरं, माझी बदली कधी होईल?" असे म्हणत. यंत्र पडद्यावर नुसती एक चौकोनी खूण लुकलुकवी. "विचार करतोय," काका समाधानाने म्हणत.

आज ऐकताना हसू येईल, पण ते यंत्र तेव्हा थोर होते. दोनशे शहाऐंशी जातीचे, एक एमबी स्मृती आणि चाळीस एमबीची हार्ड डिस्क. आज माझ्या नातवाच्या मोबाइलमधले दहा-बारा फोटो त्यात ठेवले तर डिस्क भरेल. पण त्याच यंत्राच्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर, म्हणजे त्या काळ्या लवचिक चकतीवर, साध्या मजकुराची सहाशेच्या आसपास पाने बसत. आमच्या घरातल्या साऱ्या पोथ्या मिळून एवढी पाने नव्हती.

आणि मागची पिढी पाहिली तर आमचे यंत्र म्हणजे विमानच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला टिफ्रॅक नावाचा संगणक १९६० साली सुरू झाला. त्याचे नाव १९६२ साली पंडित नेहरूंनी ठेवले. त्याचा सांगाडा अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच होता. त्यात दोन हजार सातशे निर्वात नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओत तापून लाल होणाऱ्या काचेच्या नळ्या, बसवल्या होत्या. एवढा संसार करूनही त्याची स्मृती दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची! त्यापुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत आयबीएमने टेबलावर मावणारा आपला पीसी बाजारात आणला. आमचा जालना जिल्हाही १९८१ सालचाच, १ मेचा. म्हणजे जिल्हा पीसीपेक्षा तीन महिन्यांहून थोडा अधिक वडील. हे अण्णांना फार आवडे. "थोरला आपला," ते म्हणत.

माझा जोडधंदा बरा चालला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून जालना हे बियाण्यांचे गाव. त्यामुळे मोंढ्यातल्या दुकानांची दरपत्रके येत. लग्नपत्रिका येत, शाळांचे प्रश्नपत्र येत. ठिपक्यांचा छपाईयंत्र सुरू झाला की गल्लीला कळे. त्याचा तो करकर आवाज दुपारच्या झोपेचा शत्रू होता, पण तो थांबला की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारीत, "का हो, काम संपलं?" घरखर्चाचा आवाज माणसाला लगेच ओळखू येतो.

मात्र त्या यंत्राचा खरा धनी मी नव्हतो. खरे धनी अण्णा.

त्यात पुण्याच्या सीडॅकचे जिस्ट नावाचे कार्ड बसवले होते. इंग्रजीसाठी घडलेल्या यंत्राला ते कार्ड देवनागरी शिकवी. कळफलकाची मांडणीही न्यारी होती. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर वरची कळ दाबून धरली की 'ख'. 'ग' तिथेच 'घ', 'त' तिथेच 'थ', 'द' तिथेच 'ध'. मी इंग्रजी टंकलेखन शिकलेला माणूस. मला ते महिनाभर जमेना. अण्णा सहासष्ट वर्षांचे, जन्मात टंकयंत्राला हात न लावलेले. त्यांनी दोन मिनिटे कळफलकाकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर व्याकरण आहे! अल्पप्राण खाली, महाप्राण वर. ज्यानं हे केलं त्याला बाराखडी येत होती." आठ दिवसांत त्यांची बोटे चालू लागली.

ते काय लिहीत होते, ते सांगण्याआधी अण्णांचा दुसरा गुण सांगितला पाहिजे. त्यांना मोडी वाचता येई. आमचे मूळ गाव अंबड तालुक्यात. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर उर्दूत चाले, पण घरचे कागद, हिशेब, वाटण्या आमच्याकडे मोडीतच. आजोबांनी अण्णांना मोडी शिकवली. अण्णांनी मला शिकवायचा प्रयत्न केला आणि मी क्रिकेट खेळायला पळालो. गावचे लोक पेटीतले कागद घेऊन त्यांच्याकडे येत. अण्णा चष्मा कपाळावर चढवून वाचून दाखवीत आणि दक्षिणा म्हणून फक्त चहा घेत.

यंत्र आल्यावर त्यांनी व्रतच घेतले. सकाळी सहा ते आठ, माझी कामे सुरू होण्यापूर्वी, ते घरचे मोडी कागद बालबोधीत उतरवीत. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसे. एकदा दोन तासांचे लिहिलेले क्षणात गेले. अण्णा रागावले नाहीत. त्या दिवसापासून ते प्रत्येक परिच्छेदानंतर मजकूर जतन करून मगच पुढे जात. संध्येत आचमन करावे तसे. फ्लॉपी भरली की तिच्यावर चिठ्ठी चिकटवून पत्र्याच्या डब्यात ठेवीत. डब्यात कडुनिंबाची पाने असत.

"एकदा हे सगळं छापून काढ रे," ते मला म्हणत.

"काढतो अण्णा. रिबीन नवी आली की काढतो."

रिबिनी आल्या. त्यांवर लग्नपत्रिका छापल्या, बियाण्यांचे भाव छापले. अण्णांचे कागद राहिले. १९९९ साली अण्णा गेले. पुढच्याच वर्षी नवे, रंगीत यंत्र घेतले, आणि जुने माळ्यावर चढले.

आता थोडे गावाकडे वळावे लागेल. आमच्या शेतात एक विहीर आहे. माझी आणि चुलतभावांची सामाईक. २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्याने कसा काढला, ते इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. टँकर आला तर घागर, नाही तर चूळ भरायचीही पंचाईत. आमच्या विहिरीला त्या वर्षी थोडे पाणी होते. वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन येऊ लागल्या. पाणी आटेल, मोसंबीची झाडे जळतील, या भीतीने थोरल्या दादांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातले. मला फोन करून विचारले. मी शहरात, नळाच्या पाण्यावर, मी म्हणालो, "तुम्ही ठरवाल ते."

झाडे तरीही जळाली. पाऊस पुढे आला, विहीर भरली. पण कुलूप राहिले. वस्तीवरची माणसे आमच्या दारावरून जाताना मान वळवीनाशी झाली. धाकट्या चुलतभावाला हे खपेना. एका विहिरीचे दोन भाग असल्यासारखे दोघे भाऊ बोलेनासे झाले.

मग २०२३ साल उजाडले. आमच्याच अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणाचे उपोषण झाले. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि निजामकाळच्या कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरे उघडली गेली. शंभर वर्षे ज्यांना कुणी विचारले नव्हते, त्या मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी शोधू लागले. त्या लाटेत घरोघरी पेट्या उघडल्या; आमचीही उघडली. तीत विहिरीच्या वाटणीचा कागद निघाला. फसली १३३१ चा, म्हणजे इसवी १९२१-२२ चा. दादांनी एका वृद्ध जाणकाराकडून तो वाचवून घेतला. आठ दिवसांत पाच दिवस थोरल्याची मोट, तीन दिवस धाकट्याची, इथवर वाचले, आणि पुढे वाळवीने खाल्लेले. खालचा अर्धा कागदच नव्हता. दादांनी मला विचारले, "अण्णांनी हे कागद उतरून ठेवले होते ना रे?" मी म्हणालो, "होते खरे. बघतो." आणि अर्थातच पाहिले नाही.

तर असा मी यंदा शिडीवर उभा. यंत्राच्या मागे तो पत्र्याचा डबा होता. उघडला. पानांचा चुरा, आणि सात फ्लॉप्या. एकीवर अण्णांच्या अक्षरात: 'गावचे कागद, मोडीवरून. विहीर, वाडा.'

मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. अक्षर त्यांनीही ओळखले होते.

पुण्याच्या पुतण्याला फोन केला. तो संगणकाचा अभियंता. "काका, फ्लॉपी वाचायचं यंत्र विकत मिळतं ते साडेतीन इंचीचं. ही सव्वापाच इंची. हिचं मिळणं कठीण. शिवाय मजकूर जुन्या सांकेतिक लिपीत असणार. तुमचं जुनंच यंत्र सुरू होतंय का बघा." नव्या जगातले सारे हुशार संगणक त्या चकतीपुढे निरक्षर होते, आणि साक्षर एकच, माळ्यावरचे.

वाचकहो, ही फजिती एकट्या माझी नाही. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८६ साली राज्यातल्या जमिनींची मोजदाद करून एक मोठी वही लिहविली. 'डूम्सडे बुक' तिचे नाव. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नव्या काळाची तशीच वही केली. दहा लाख माणसांनी माहिती दिली आणि ती लेसरने वाचायच्या मोठ्या तबकड्यांवर भरली. पंधरा वर्षे झाली नाहीत तो त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि २००२ च्या सुमारास तज्ज्ञांना खटपट करून तो मजकूर सोडवावा लागला. १०८६ ची वही मात्र आजही उघडली की वाचता येते. कागदाला वाळवी दिसते तरी. फ्लॉपीची वाळवी दिसत नाही. सोनीने २०११ साली फ्लॉपी बनवणे थांबवले, तेव्हा ही लिपीही मोडीच्या वाटेला लागली.

गांधी चमनच्या बाजूला रेडिओ दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे रिक्षातून यंत्र नेले. मॉनिटर मी मांडीवर घेतला होता. त्यांनी झाकण काढले आणि त्यांचा चेहरा उजळला. "आता कसं! यातलं सगळं डोळ्यांना दिसतंय. मोबाइल आणतात पोरं, त्यात काय दिसतं? नुसता राग येतो." वीजपुरवठ्याच्या पेटीतली दोन फुगलेली कपॅसिटर बदलली. जुनी बॅटरी पाझरून तिने तांब्याच्या दोन वाटा खाल्ल्या होत्या, त्यांवर तारेचे पूल बांधले. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी खटका दाबला.

पंखा घरघरला. पडद्यावर आकडे चढू लागले. मग यंत्राने हार्ड डिस्कचा प्रकार विचारला आणि मी गार पडलो. बॅटरी गेल्यावर यंत्र स्वतःला विसरले होते. त्याला सांगावे लागे, आणि मी तो क्रमांक केव्हाच विसरलो होतो. गृहस्थांनी हातातले झाकण उलटे केले. आतल्या बाजूला अण्णांच्या अक्षरात लिहिले होते: 'प्रकार १७. विसरल्यास.'

१७ घातले. यंत्र सुरू झाले आणि त्याने तारीख दाखवली: १ जानेवारी १९८०. त्याच्या हिशेबी जालना जिल्हा अजून जन्मला नव्हता आणि अण्णा नोकरीत होते.

सात फ्लॉप्यांपैकी तीन वाचल्याच नाहीत. त्यांवर बुरशी होती. चौथी गुरगुरली, थांबली, पुन्हा गुरगुरली. काय तो आवाज! पूर्वी मी त्या आवाजाला कंटाळत असे. त्या दिवशी श्वास रोखून ऐकला. आणि जिस्ट कार्डाने आपले काम केले. पिवळ्या अक्षरांत आमच्या पणजोबांचे शब्द आले. पाच दिवस, तीन दिवस, ते ठाऊक होते. त्याखाली होते: विहीर दोघांची, पाणी देवाचे, दुष्काळ असो वा सुकाळ, पिण्यास कोणी मागितल्यास नाही म्हणू नये, नाही म्हणेल त्याची पाळी दुसऱ्याने चालवावी.

आणि त्याखाली कंसात अण्णांनी स्वतःचे एक वाक्य घातले होते: हे पोरांना वाचून दाखवणे.

वाचून दाखवायचे राहिले होते, ते माझ्यामुळे. २०१३ साली हे वाक्य माझ्याच माळ्यावर होते, आणि मी फोनवर "तुम्ही ठरवाल ते" म्हणत होतो. झाडांचे काय झाले असते ते झालेच. पण हंडा रिकामा घेऊन परतलेल्या बाया परतल्या नसत्या.

मी पडद्याचा फोटो काढून दोन्ही चुलतभावांना पाठवला. दोन दिवस कुणाचेच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. "किल्ली सापडली नाही रे. गंजून बसलं होतं कुलूप. शेवटी फोडलं." जरा थांबून म्हणाले, "घण धाकट्यानं मारला. त्याचा हात अजून चांगला आहे."

पुतण्या येऊन चारही फ्लॉप्यांचा मजकूर नव्या लिपीत घेऊन गेला. आता त्याच्या तीन प्रती आहेत आणि एक कागदावर छापलेली. जुन्या वस्तूंवर जीव लावणाऱ्यांना लोक हळवे म्हणतात. म्हणोत. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी एखादे चालते जुने यंत्र असेल, म्हणूनच कुणाचा तरी बाप पुन्हा बोलेल. तुमच्या कपाटात एखादी फ्लॉपी, सीडी, जुना मोबाइल असेल, तर या दिवाळीत पणत्या लावण्याआधी त्यात काय आहे ते पाहा, आणि कागदावर उतरवा. "रिबीन आली की काढतो" म्हणू नका.

आमचे यंत्र आता माळ्यावर नाही, पुढच्या खोलीत आहे. सौभाग्यवतींनी त्याला रेघेच्या अलीकडे घेतले आहे. अट एकच: लुगड्याची खोळ धुऊन घालायची आणि त्याच्यासमोर चपला काढायच्या. काचेवर यंदा त्यांनी स्वतः कुंकवाचे स्वस्तिक काढले. ते मी पुसलेले नाही.